जवळचा नंबर

१

"कावळ्याला जांभळी किनार आलीय," तळपदेकाका म्हणाले आणि चष्म्याच्या दुकानातल्या खुर्चीत धपकन बसले. "अनुजा, माझा डोळा गेला."

अनुजा परबने हातातली फ्रेम खाली ठेवली. ठाकूरद्वारच्या कोपऱ्यावरचं हे दुकान वडिलांनी तिच्या हवाली करून बारा वर्षं झाली होती. डोळा गेला म्हणून धावत येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा फक्त चष्मा पुसायचा राहिलेला असतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण तळपदे ऐंशीच्या घरातले, समोरच्याच वाडीत चार पिढ्यांपासून राहणारे, आणि उगाच गळा काढणाऱ्यांतले मुळीच नव्हते. तिने त्यांना तक्त्यासमोर बसवलं. मोतीबिंदू काढलेल्या त्या डोळ्याने त्यांनी शेवटची ओळ घडाघडा वाचली, वर तक्ता वाकडा लावलाय म्हणून तक्रारही केली.

"डोळा ठणठणीत आहे, काका. चला, तो कावळाच दाखवा."

दुर्बीण तिसऱ्या मजल्यावर, रस्त्याकडच्या छोट्या खोलीत होती. काकांच्या आजोबांनी परदेशातून मागवलेली, पितळेची, पुढे अडीच इंची काच. एकेकाळी त्या खिडकीतून समुद्रावरची गलबतं दिसत. आता चहूकडे टॉवर उभे राहिल्याने दुर्बिणीला एकच फट उरली होती, आणि त्या फटीतून दिसायचा तो लांबच्या मोबाइल टॉवरवर बसणारा कावळा. काका रोज सकाळी त्याची हजेरी घ्यायचे. येत्या रविवारी ही दुर्बीण परळच्या एका शाळेला द्यायचं ठरलं होतं.

अनुजाने डोळा लावला. सगळं धूसर, आणि धूसर आकारांभोवती रंग.

"काका, स्क्रू तुम्ही फिरवलात?"

"मी कशाला फिरवू? बोटं थरथरतात माझी. काल सकाळपर्यंत डोळा लावला की लख्ख दिसत होतं."

दुसऱ्याच्या यंत्राला हात लावायचा तर आधीची खूण ठेवायची, ही अनुजाच्या वडिलांची शिस्त होती. मागची सरकती नळी जिथवर आत गेली होती तिथे तिने पेन्सिलीची रेघ मारली, मग स्क्रू फिरवत नळी हळूहळू बाहेर घेतली. कावळा स्पष्ट झाला. किनार मात्र जांभळीच राहिली.

"डोळा गेलाय खरा," ती म्हणाली, "पण दुर्बिणीचा."

पुढचं कडं उलगडून तिने काच काढली आणि खिडकीकडे तिरपी धरली. काचेवर हिरवी झाक उमटली. अनुजाला हसू आलं. ही झाक ती दिवसातून पन्नास वेळा पाहत असे.

"काका, काच प्रकाश वाकवते, पण निळा जास्त आणि तांबडा कमी. एकाच काचेतून पाहिलं की रंग एका जागी जुळत नाहीत, कडेला सांडतात. म्हणून चांगल्या दुर्बिणीत दोन वेगवेगळ्या काचा जोडून बसवतात. एकीने सांडलेले रंग दुसरी गोळा करते. तुमच्या आजोबांची काच तशी जोडकाच होती. ही एकटी आहे, आणि हा हिरवा मुलामा शंभर वर्षांपूर्वी कुणी देत नव्हतं. ही चष्म्याची काच आहे. फ्रेमच्या मापाने कापायच्या आधी आमच्याकडे अशाच गोल चकत्या येतात. प्लस एक नंबर. हिच्यातून लांबच्या वस्तूची प्रतिमा बरोबर एक मीटरवर पडते, आणि तुमची नळी मीटरभरच लांब आहे. कुणीतरी विचार करून बदलली आहे."

तळपदेकाकांचा चेहरा उतरला. तेवढ्यात दारात पावलं वाजली. काकांच्या भावाचा नातू नील एक चौकोनी कागदी पाकीट दोन बोटांत धरून उभा होता. पाकिटावर 'प्लस एक' छापलेलं होतं.

"आजोबा, मी आत्ता सगळं ऐकलं," तो म्हणाला. "हे कमळाबाईंच्या पिशवीत होतं."

२

दुपारी दुकान बंद करून अनुजा पुन्हा वर गेली, तेव्हा कमळाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. एकतीस वर्षं करी रोडहून रोज येऊन त्यांनी हे घर सांभाळलं होतं. काकांची बायको गेली तेव्हा तेरा दिवस त्या इथेच राहिल्या होत्या. दुर्बिणीच्या खोलीची किल्ली दिवसभर त्यांच्या कमरेला असे. सकाळी ती काकांनी मागून घेतली होती, तीही जिन्यात, निम्मी वाडी बघत असताना.

"गो बाय, मी त्या काचेक हात लावूक नाय," कमळाबाई म्हणाल्या. "काका पुसूक पन देनत नाय."

"पाकीट तुमच्या पिशवीत कसं आलं?"

"माका काय ठाव? पिशवी दाराआड टांगलेली असता. कोनी पन घालीत." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "खालच्या मजल्यावर काम करता ती प्रिती आमच्याच चाळीतली. तिना चाळीत फोन करून सांगून टाकल्यान. दुपारी सुनेचो फोन इलो. माका इचारल्यान, आये, खरां काय? घरच्या मानसान इचारल्यान गो! आता मी त्या गॅलरीतसून चलतलंय कशी?"

अनुजाला संताप आला. ती सरळ बाहेरच्या खोलीत गेली.

"काका, अशी पाकिटं आम्ही गिऱ्हाइकाला देत नाही. काच कापून, फ्रेममध्ये बसवून मगच हातात देतो. ज्याच्याकडे पाकीट आलं, त्याने न कापलेली काच मुद्दाम मागून घेतली. कमळाबाईंना तांदूळ निवडायला माझ्याच दुकानातून चष्मा दिलाय. त्यांना ही चकती कशी असते तेसुद्धा माहीत नाही."

"मग पाकीट चालत गेलं का पिशवीत?" नील म्हणाला. "आजोबा, पोलिसांत जाऊ या. मी उद्या रात्री निघतोय, त्याआधी तक्रार लिहून देऊ. किल्ली कुणाकडे होती? संपला विषय."

तळपदेकाका एकदा स्वयंपाकघराकडे पाहत होते, एकदा पाकिटाकडे. "किल्ली खरंच तिच्याकडेच होती," ते पुटपुटले.

"उद्या संध्याकाळपर्यंत थांबा," अनुजा म्हणाली. "तोवर चोराचं नाव मी सांगते. नाही सांगितलं तर खुशाल तक्रार करा."

ती हे इतक्या ठामपणे म्हणाली की नीलनेही मान डोलावली. खरं तर तिच्याजवळ तेव्हा पेन्सिलीच्या एका रेघेपलीकडे काहीच नव्हतं.

३

तिने सुरुवात नीलपासूनच केली. सव्वीस वर्षांचा, उंच, बोलायला गोड. शाळा दिल्लीत, कॉलेज बंगळुरात. मराठी घरात ऐकून शिकलेला. काहीतरी ऑनलाइन धंदा सुरू करायचा म्हणून महिनाभर मुंबईत राहिलेला.

"दुर्बिणीतून कधी पाहिलंस?"

"पहिल्या आठवड्यात. एकदाच. कावळ्यात मला काय इंटरेस्ट?"

"चष्मा आहे तुला?"

"आहे ना. जवळचा नंबर आहे." तो फोनकडे बघत म्हणाला. "का? नवीन फ्रेम खपवायचीय का?"

अनुजा हसली आणि तिने वहीत लिहिलं: नील, जवळचा.

मग काकांना घेऊन ती दुर्बिणीच्या खोलीत गेली. दोन डोळ्यांतलं अंतर मोजायची मिलिमीटरची पट्टी तिच्या पर्समध्ये नेहमी असे. ती तिने नळीला लावली.

"काका, काल सकाळी कावळा लख्ख दिसत होता आणि आज सकाळी धूसर. मधल्या काळात या खोलीत कोण आलं?"

"कमळाबाई झाडायला. नील घरातच होता. आणि संध्याकाळी शाळेचे जयवंत सर आले होते, स्टँडचं माप घ्यायला. मी चहा घेईस्तोवर ते इथे एकटेच होते."

"ठीक. आता हे बघा. काच बदलल्यावर नीट दिसतंय का, हे चोराने तपासलं. तपासताना स्क्रू फिरवून स्वतःच्या डोळ्याला जुळवून घेतलं आणि नळी तशीच सोडून गेला. ही रेघ म्हणजे त्याचा डोळा. माझ्या डोळ्याला चष्म्यासकट कावळा इथे स्पष्ट दिसतो. चोराला तो नऊ मिलिमीटर आत दिसला. तोच कावळा, तीच फट, म्हणजे फरक फक्त नजरेचा."

"म्हणजे?"

"ज्याला लांबचा नंबर आहे आणि जो चष्मा काढून बघतो, त्याला नळी आत ढकलावी लागते. नंबर जितका मोठा, तितकी जास्त आत. तुमच्या या मागच्या भिंगाला नऊ मिलिमीटर म्हणजे मायनस सहाच्या आसपास. चष्म्याशिवाय त्या माणसाला हातभर अंतरावरचा चेहरासुद्धा धड दिसत नाही. ज्याचा फक्त जवळचा नंबर आहे त्याला लांबचं दिसतंच, त्याने नळी इतकी आत नेली असती तर कावळा दिसलाच नसता. म्हणून कमळाबाई सुटल्या. नीलचाही जवळचाच."

काका एकदम ताठ झाले.

"जयवंत!" ते ओरडले. "चष्मा पाहिलायस त्याचा? बाटलीच्या बुडासारखा! अगं, तोच!"

४

परळच्या शाळेत शुक्रवारी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत जयवंत सर एकटेच उत्तरपत्रिका तपासत होते. पन्नाशीचे, शर्टाला खडूचे डाग, आणि चष्मा काकांनी वर्णन केला तस्साच. कड जाड, आणि काचेतून पाहिलं की सरांच्या गालाची रेषा आत सरकलेली. अनुजाने दारातूनच नंबर ओळखला: मायनस सहा, इकडेतिकडे पाव.

तिने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. सरांचा चेहरा पडला, पण ते चिडले नाहीत.

"म्हणजे संशय माझ्यावर आहे."

"आहे, सर. तो मायक्रोस्कोप जरा चष्मा काढून जुळवून दाखवाल?"

"नाही जमणार हो. मला सिलिंडर नंबर आहे, तीनचा, म्हणजे डोळ्याची गोलाई एकसारखी नाही. चष्मा काढला की चंद्राचं अंडं होतं. स्क्रू कितीही फिरवा, अंडं ते अंडंच. मी दुर्बिणीला डोळा लावतो तोसुद्धा चष्म्यासकट. ही काचेवरची ओरखड्यांची रांगोळी बघा की, सगळी त्यापायीच."

अनुजाने त्यांचा चष्मा मागून घेतला, हातभर लांब धरला आणि काचेतून खिडकीच्या गजाकडे बघत चष्मा गोल फिरवला. काचेतला गज कात्रीसारखा तिरका होत गेला. सिलिंडर होता, आणि दणदणीत होता. अशा डोळ्याला नळी मागेपुढे करून काही उपयोग नाही, आणि चष्म्यासकट बघणाऱ्याला नळी आत न्यायची गरज नाही. त्यातून पुढच्या काचेवर खरोखरच घासल्याच्या खुणा होत्या.

जयवंत सर सुटले. पण मग उरलं कोण? कमळाबाईंचा जवळचा, नीलचा जवळचा, काकांच्या डोळ्याला नंबरच नाही. संध्याकाळचा वायदा आणि हातात भोपळा. अनुजा स्टुलावर बसून राहिली. करी रोडच्या त्या गॅलरीतून मान खाली घालून चालणाऱ्या कमळाबाई तिच्या डोळ्यांपुढून हलेनात.

सरांनी समोरच्या पेपरवर लाल फुली मारली आणि उसासा टाकला.

"काय झालं?"

"दरवर्षीचंच. बघा, काय लिहिलंय. 'निकटदृष्टिता म्हणजे जवळचे न दिसणे.' निम्मा वर्ग हेच लिहितो. त्यांचं तरी काय चुकतं? घरी आजी म्हणते, मला जवळचा नंबर आहे, म्हणजे तिला जवळचं दिसत नाही. आणि पुस्तकातली निकटदृष्टिता म्हणजे जवळचं तेवढंच दिसतं, लांबचं दिसत नाही. अगदी उलट. इंग्रजीतही तसंच, नियर-साइटेड. आपण बोलतो एक आणि शिकवतो दुसरंच."

अनुजा उठून उभी राहिली. स्टूल मागे पडलं, तिकडे तिचं लक्षही गेलं नाही.

"सर," ती म्हणाली, "जवळचा नंबर साधारण कितव्या वर्षी लागतो?"

"चाळिशीत. म्हणून तर त्या चष्म्याला चाळिशी म्हणतात."

"आणि सव्विसाव्या वर्षी कुणी सांगितलं, मला जवळचा नंबर आहे, तर?"

"तर तो माणूस..." सर थांबले. त्यांचे डोळे त्या जाड काचांमागे मोठे झाले.

"चला, तुम्हीही चला," अनुजा म्हणाली. "मी ठार मूर्ख आहे, सर. बारा वर्षं हाच धंदा करते आणि एका शब्दाने मला चकवलं."

५

नीलची बॅग दाराजवळ भरून ठेवलेली होती. तळपदेकाका आरामखुर्चीत, जयवंत सर खिडकीशी, आणि कमळाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. अनुजाने वाटेत दुकानातून दोन वस्तू घेतल्या होत्या: बारीक टॉर्च आणि नंबर तपासायची एक काच.

काकांच्या गोळ्यांचं खोकं उचलून तिने नीलच्या हाती दिलं. "सगळ्यात बारीक अक्षरं वाच बघू."

नीलने खांदे उडवले आणि भराभर वाचलं.

"छान. चष्म्याशिवाय वाचलंस. आणि तुला जवळचा नंबर आहे म्हणालास."

"आहेच. आय अ‍ॅम नियर-साइटेड. त्यालाच म्हणतात ना जवळचा?"

"दिल्लीत शिकलेला माणूस म्हणत असेल. ठाकूरद्वारला त्याला लांबचा नंबर म्हणतात." अनुजा काकांकडे वळली. "काका, यानं मला फसवलं नव्हतं. इंग्रजी शब्द शब्दाला शब्द मराठीत आणला, आणि मी त्याला संशयितांच्या यादीतून काढून टाकलं. सव्वीस वर्षांच्या पोराला चाळिशी कशी लागेल, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही."

"मी चष्मा लावतच नाही," नील म्हणाला. त्याचा आवाज जरा चढला होता.

"बाहेर पडताना नाही लावत. इकडे बघ."

तिने टॉर्च बाजूने धरला. नीलच्या बुबुळाभोवती पारदर्शक कड चमकली. "कॉन्टॅक्ट लेन्स आहे. पण सकाळी उठल्याउठल्या ही डोळ्यात नसते. काका पहाटे फिरायला जातात, कमळाबाई आठला येतात, आणि तेवढ्या वेळात तू घरातला चष्मा लावून वावरतोस. किल्ली रात्री कुठे असते, काका?"

"खुंटीवर," काका हळूच म्हणाले. "कमळाबाई जाताना खुंटीला लावून जाते." हे आधी का आठवलं नाही, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होता.

"बॅगेच्या वरच्या कप्प्यात चष्म्याची डबी असेल. तू काढतोस की सरांना सांगू?"

नील हलला नाही. जयवंत सरांनी डबी काढून दिली. अनुजाने चष्मा हातभर लांब धरून डावीकडून उजवीकडे हलवला. काचेतली दाराची चौकट चष्म्याबरोबरच हलली.

"काचेबरोबर हलली म्हणजे मायनस. प्लस असता तर उलटी पळाली असती. आणि ही माझी काच आहे प्लस सहा." तिने ती नीलच्या चष्म्यावर टेकवली आणि पुन्हा हलवलं. चौकट जागची ढळली नाही. "प्लस सहाने मायनस सहा फिटला. चष्मा डोक्यावर चढवून तू कावळा जुळवलास, नळी नऊ मिलिमीटर आत गेली, आणि ती परत जागेवर आणायचं तुला सुचलं नाही. सुचणार कसं? तुला तर स्पष्टच दिसत होतं."

तळपदेकाका उठले. त्यांनी स्वतः बॅग उघडली. तळाशी एका मोज्यात गुंडाळलेली जोडकाच निघाली. त्यांनी ती उजेडात धरली. त्यांच्या बोटांत ती स्वच्छ, बिनरंगी दिसत होती.

"शाळेत पडून तिला बुरशीच लागली असती," नील खाली बघत म्हणाला. "परदेशातला एक माणूस जुन्या काचा जमवतो. त्याने फोटो बघून मागे लागून मागितली."

"आणि पाकीट? तिच्या पिशवीत का?" काकांनी विचारलं.

नीलने बॅगेची चेन ओढून लावली. "तिच्याबद्दल कुणी फार चौकशी करणार नाही, असं वाटलं," तो म्हणाला.

काकांना ते शब्द लागले, कारण ते त्यांनाही तंतोतंत लागू होते. "तू आत्ताच्या आत्ता नीघ," ते म्हणाले. "तुझ्या बापाशी मी बोलतो."

६

नील गेल्यावर काकांनी खुंटीवरची किल्ली काढली आणि कमळाबाईंपुढे धरली.

"घे. माझं चुकलं."

कमळाबाईंनी हात पुढे केला नाही.

"काका, तुमी किल्ली काडून घेतलास ती वाडीसमोर," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता, पण त्यात आज एक निराळीच धार होती. "आनी बातमी पोचली करी रोडाक. हय चार भिंतीत माजी माफी मागून तिकडच्यांक काय कळतला? चोर म्हनून माजां नाव थय गेला. तां तुमीच थयसून काडा."

अनुजाला वाटलं, काका आता तब्येतीचं कारण सांगतील. काकांनी कोट मागितला.

करी रोडला टॅक्सीतून उतरून चाळीचे दोन मजले उभ्या जिन्याने चढायला त्यांना चांगला पाव तास लागला. दर दहा पायऱ्यांवर ते थांबत, आणि दर थांब्याला एकेक दार उघडत जाई. ते वर पोचले तेव्हा गॅलरी माणसांनी भरलेली होती. प्रिती होती, शेजारपाजारच्या बायका होत्या, आणि दारात कडेवर मूल घेऊन कमळाबाईंची सून मेघना उभी होती.

काकांनी कठडा धरला. दम खाऊन ते एवढ्या मोठ्याने बोलले की शेवटच्या खोलीपर्यंत ऐकू गेलं.

"मी तळपदे, ठाकूरद्वारचा. या बाईंवर मी चोरीचा आळ घेतला. तो खोटा होता. चोर माझ्याच घरातला, माझ्याच रक्ताचा निघाला. एकतीस वर्षांत यांच्या हातून माझी सुईसुद्धा इकडची तिकडे झाली नाही, आणि तरी मी यांच्यावर विश्वास ठेवला नाही. चूक माझी आहे."

मेघनाने मूल खाली ठेवलं, पुढे येऊन सासूचा हात धरला आणि रडू लागली. कमळाबाईंनी तिच्या पाठीवर थोपटलं, पण मान त्यांची सरळ होती.

"कमळाबाई," काका म्हणाले, "सोमवारपासून येशील ना?"

"तां मी मगे सांगतंय. घाई नाय." त्यांनी दाराचा पडदा बाजूला केला. "आत येवा. आज तुमी पावणे. मेघना, च्या टाक."

काका वाकून आत गेले. खोलीत दोनच खुर्च्या होत्या. एक त्यांना दिली गेली. दुसरी ओढून, एकतीस वर्षांत पहिल्यांदा, कमळाबाई त्यांच्यासमोर बसल्या.